खडेमास्तरांचा सत्कार

खडेमास्तरांच्या हातात ट्रम्पेट आलं की ते बसत नसत. एरवी बसायचे. विहाराच्या पायरीवर बसायचे, कापसाच्या जिनिंगमधली पाळी संपली की सरकीच्या ढिगाला पाठ लावून पाय पसरून बसायचे. पण कापडी पिशवीतून ते पितळी वाद्य बाहेर निघालं की माणूस उभा. घरात एकटे वाजवत असले तरी उभे, अंगात ताप असला तरी उभे. कुणी आदरानं खुर्ची पुढं केली, तर तिच्यावर स्वतःची टोपी ठेवायचे. खुर्ची देणाऱ्याचाही मान राहायचा आणि त्यांचाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात निजामाच्या वेळची उर्दू लोकांच्या तोंडात अजून आहे, म्हणून त्यांना कुणी 'उभे' म्हटलं नाही. खडेमास्तर म्हटलं. त्यांचं खरं नाव जिनिंगच्या हजेरीपुरतं उरलं होतं.

त्या सवयीचा दुसरा अर्धा भाग आमच्यावर होता. ते उभे असताना ऐकणाऱ्यानं बसलं पाहिजे. ते म्हणायचे, "वाजवनारा उभा पायजे, आयकनारा बसला पायजे. हे उलटं झालं का मंग तो लगनाचा बँड झाला."

जयंतीच्या मिरवणुकीत दर वर्षी यावरून गोंधळ व्हायचा. पोरांना वाटायचं, मास्तरांनी ट्रॅक्टरच्या पुढं वाजवत चालावं. मास्तर चालता चालता वाजवायचे नाहीत. बसस्टँडजवळ एका जागी उभे राहायचे आणि मिरवणूक तिथं पोचली की हात वर करायचे. मग निळे फेटे बांधलेली पोरं भर रस्त्यात मांडी घालून बसायची. मागून कापसाच्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, कॉन्स्टेबल तेलुगूत ओरडायचा. मास्तर डोळे मिटायचे आणि सुरू करायचे. एकदा एका पोरानं उभ्याउभ्याच नाचायला सुरुवात केली, तर यांनी ओठावरून ट्रम्पेट काढलं. म्हणाले, "नाच ना बापा. मी थांबतो. तुहं झालं का सांग." त्या पोराचे पाय जागच्या जागी थिजले.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. मी त्यांना मामा म्हणायची. नात्यानं नव्हे, शेजारानं. तरुणपणी ते वरातीच्या बँडमध्ये होते. आमच्या लोकांना बँडमध्ये शिरायला कुणाची ना नव्हती. वाजवायला आम्ही, नाचायला ते. घोड्यावर नवरदेव, मागं पाहुणे, आणि सर्वांच्या पुढं चिखलातून, शेणातून उलट्या पावलांनी चालत वाजवणारे हे. घर आलं की वाजवणं बंद. मग गोठ्यामागं जाऊन उकिडवं बसायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर पत्रावळी यायच्या. मामा म्हणायचे, "आपून वरात घरापासी नेऊन सोडाची. घरात नाही जाचं."

मग एका नाताळात मंचेरियलच्या रेल्वे कॉलनीतल्या क्लबातून निरोप आला. तिथला ट्रम्पेटवाला आजारी पडला होता आणि कुणीतरी यांचं नाव सांगितलं होतं. क्लबात पियानो वाजवणारा एक म्हातारा होता. मामा त्याला पियानोसाहेब म्हणत. पियानोसाहेबानं यांना चार सूर वाजवायला लावले, मान हलवली आणि ठेवून घेतलं. संध्याकाळी हॉल भरला. मामा नेहमीसारखे कोपऱ्यात अंग चोरून बसले. मध्येच पियानोसाहेबानं त्यांच्याकडं बोट केलं आणि उठ म्हणून खूण केली.

मामांना वाटलं, बाहेर काढताहेत.

"मी उठलो न पोरी," मामा सांगायचे, "आन् पायतो तं काय, सगळे बसेल हायेत. गार्डसाब बसेल, त्याची मेम बसेल, पियानोसाब बी बसेल. मी एकटा खडा. आन् सगळे माह्याकडं पाहून राह्यले. बस म्हनत नाई कोनी, नीघ म्हनत नाई कोनी. मले वाटलं, आता हे वाजवनं संपलंच नाही पायजे."

त्या क्लबात ते काही वर्षं वाजवायला गेले. तिथं ते जॅझ शिकले. ते त्याला 'जाज' म्हणत. मी कॉलेजात होते आणि मला प्रत्येक गोष्टीची व्याख्या हवी असायची. मी विचारलं, मामा, जाज म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, "गानं सगळ्यायले ठाऊक असते. वाजवनाऱ्याले बी ठाऊक असते. पन आज त्या गान्याच्या घरी कोन्या रस्त्यानं जाचं, हे मातर त्यानं आज ठरवाचं. कालच्या रस्त्यानं गेला तं त्याले काऊन आयकाचं?" मग माझ्याकडं पाहून हसले. "तू बोलते ना मीटिंगमधी, ते जाज नाई हो. ते पत्रक हाये. पाठ हाये तुले."

मला राग आला होता. कारण ते खरं होतं.

मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा शाळेत गुरुजी. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. निषेधाची, मोर्चाची, वर्षावासाची, शिष्यवृत्तीच्या मागणीची. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदावरची. अक्षरओळख मला त्यांच्यावरूनच झाली. माझ्या वयाच्या मुली कमळाचा 'क' गिरवत होत्या तेव्हा मी 'कार्यकर्त्यांनो' मधला 'क' गिरवत होते. आजही एखादं वाक्य सुचतं ते उद्गारचिन्हासकट सुचतं. त्या कागदांनी मला ताठ मानेनं चालायला शिकवलं आणि त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही.

त्यातलंच एक पत्रक बाबांनी ऐन तारुण्यात लिहिलेलं होतं. 'बाजा खाली ठेवा!' असा मथळा. दुसऱ्यांच्या वराती, दुसऱ्यांच्या प्रेतयात्रा आपण आता वाजवायच्या नाहीत. वाद्य म्हणजे गळ्यातला साखळदंड आहे. जो वाजवील तो समाजाचा नाही. ते पत्रक गावोगाव गेलं. माणसांनी खरोखर वाद्यं खाली ठेवली. डफ फोडले, बँडचे कोट विहिरीत टाकले. रोजी गेली तरी टाकले. एवढी हिंमत कागदाच्या एका चिटोऱ्यानं दिली होती. मामांनीही वरातीचा बँड सोडला आणि जिनिंगमध्ये हमाली धरली. पण ट्रम्पेट त्यांनी टाकलं नाही, आणि क्लबात जाणंही सोडलं नाही. बाबा त्यांना समजवायला गेले. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, बाजा मी ठेवला खाली. हे बाजा नाई. हे खडं राहनं हाये."

बाबांना ते पटलं नाही. पुढं कित्येक वर्षं वस्तीच्या कार्यक्रमात मामांना वाजवायला कुणी बोलावलं नाही. क्लबही बंद पडला. आगगाडीची वाफेची इंजिनं होती तोवर मामा रुळांच्या बाजूला जाऊन उभे राहत. कोळशाची मालगाडी शिट्टी द्यायची, हे त्याच सुरात उत्तर द्यायचे. एक ड्रायव्हर मग मुद्दाम दोनदा शिट्टी द्यायला लागला, दुसरी जरा वळवून. "त्याले जाज येत होतं," मामा अगदी गंभीरपणे म्हणायचे. "बसूनच आयकत होता ना तो बी."

जयंतीत त्यांना परत आणलं ते आमच्या पिढीच्या पोरांनी. तोवर त्यांची कीर्ती आमच्या नकळत पसरली होती. मंचेरियलपासून बेज्जूरच्या जंगलापर्यंत बँडवाली तेलुगू पोरं त्यांचं नाव कानाला हात लावून घ्यायची. आम्हीच तेवढे मागं होतो.

सत्कार झाला त्या वर्षी मामांचा वरचा पुढचा दात हलायला लागला. हिरडी सुजून तोंड वाकडं झालं. मंचेरियलच्या दातांच्या डॉक्टरकडं त्यांना मीच घेऊन गेले, कारण मला तेलुगू नीट यायची. डॉक्टर म्हणाला, दात काढावाच लागेल, पू धरला आहे, उशीर केला तर शेजारचाही जाईल. मामांनी मला विचारायला लावलं, किती थांबता येईल? डॉक्टरनं खांदे उडवले. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "दात गेला का फुंक गेली. ओठाले आतून टेकाच नाई राहत." बसमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "एक डाव आपल्या मानसायपुढं वाजवाचं होतं. मिरवनुकीत नाई. लगनात नाई. नुसतं वाजवाचं. ते बसतीन, मी खडा राहीन."

आणि मला शपथ घातली. "दाताचं कोनाले सांगू नको. लोक कीव करतीन. कीव करता करता जाज आयकू येत नाई."

मी दाताचं कुणाला सांगितलं नाही. पण त्याच आठवड्यात विहारात विषय काढला. मोफत कार्यक्रम करू, सगळ्यांसाठी, मैदानावर. जॅझ. खडेमास्तरांचा गौरव. पोरं तर उड्या मारायला लागली. मला भीती बाबांची होती. बाबा म्हणाले, "करू. मीच अध्यक्ष राहतो." त्यांचा आवाज ओला होता. त्या दिवशी मला बाबा फार मोठे वाटले.

आता आमच्यातली एक रीत सांगितली पाहिजे. पत्रकावर ज्याचं नाव छापलं, त्याला बोलायला द्यावंच लागतं. नाही दिलं तर तो अपमान, आणि एकाचा अपमान म्हणजे त्याच्या सगळ्या गटाचा. आमच्यात गट पुष्कळ. म्हणून नावं वाढत जातात. या कार्यक्रमाच्या पत्रकावर आधी मामा आणि बाबा एवढीच नावं होती. मग मुधोळचे पाहुणे आले, मग बेज्जूरचे, मग कर्मचारी संघटनेचे, महिला मंडळाच्या, मग त्यांच्याविरुद्ध असलेल्या महिला मंडळाच्या. छापखान्यातून पत्रक आलं तेव्हा नावांची रांग कागदाच्या तळापर्यंत गेली होती. 'जॅझ' हा शब्द सर्वांत खाली होता, छापखान्याच्या नावाच्या वर. मजकूर मी लिहिला होता. चांगला झाला होता. वाचताना लोकांच्या अंगावर काटा येत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी मामा दुपारपासून जेवले नाहीत. भरल्या पोटी फुंक वर चढत नाही म्हणायचे. धुतलेला पांढरा शर्ट, टोपी, आणि उजवा हात खिशात. त्या खिशात माऊथपीस होता, ट्रम्पेटला ओठ लावतात तो पितळी तुकडा. तो ते वाजवायच्या आधी मुठीत धरून गरम ठेवत. थंड पितळ ओठाला लागलं तर पहिला सूर घाबरतो, असं त्यांचं म्हणणं.

मैदान भरलं होतं. ट्रॅक्टरनं माणसं आली होती. ताडपत्रीवर बायका पुढं, पोरं मांडीवर, म्हातारे कडेला. आणि सगळे बसलेले. मामांनी मंडपाच्या मागून डोकावून ते पाहिलं. "बसले वं सगळे," ते मला म्हणाले. मला त्यांचा तो चेहरा आठवला की अजूनही मान खाली जाते.

मंचावर गेल्यावर घोटाळा झाला. सत्कारमूर्तीची खुर्ची मंडपवाल्यानं त्याच्याकडची सर्वांत भारी दिली होती. लाल मखमलीची, सोनेरी सिंहांच्या हातांची, लग्नात नवरदेवाला बसवतात ती. मामा तिच्याजवळ गेले आणि सवयीनं तिच्यावर टोपी ठेवली. लोक हसले. सूत्रसंचालक माईकवरून म्हणाला, "सत्कारमूर्तींना विनंती आहे की, त्यांनी आसनस्थ व्हावं." मामा उभेच. मग बाबांनी उठून, दोन्ही खांदे प्रेमानं धरून त्यांना खाली बसवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मंचाच्या कडेला साईडड्रम घेऊन म्हातारा राजय्या बसला होता. मामांबरोबर वरातीत आणि क्लबात वाजवलेला हा एकच माणूस उरला होता. तो तिथूनच म्हणाला, "क्या मास्टर, शादी किसकी है?"

"मेरीच दिखती," मामा म्हणाले. "घोडा लाव."

मग हार सुरू झाले. नाव पुकारायचं, माणूस यायचा, हार घालायचा, फोटोसाठी थांबायचा. झेंडूचे हार हनुवटीपर्यंत आले. मग भाषणं. मुधोळच्या पाहुण्यांनी संगीताचा इतिहास सांगितला, त्यात संगीत शेवटी आलं. बेज्जूरच्यांनी सरकारवर टीका केली, ती रास्त होती. एका महिला मंडळाच्या बाई जेवढं बोलल्या, तेवढंच दुसऱ्या मंडळाच्या बाईंना बोलावं लागलं. मामा त्या लाल खुर्चीत हारांच्या मागं दिसेनासे झाले होते. उजवा हात मात्र खिशात तसाच.

मी ताडपत्रीवर पुढं बसले होते. मी चिठ्ठी पाठवली, 'आता वादन सुरू करा.' सूत्रसंचालकानं ती वाचली, हसून मान डोलावली आणि पुढचं नाव पुकारलं. मी दुसरी चिठ्ठी बाबांना पाठवली. बाबांनी ती वाचली आणि त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली. ते ताडकन उठले, बोलणाऱ्याच्या हातातून माईक घेतला. मला हायसं वाटलं. बाबा म्हणाले, "बंद करा ही भाषणं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आपण इथं कशाला जमलो?" बाबा म्हणाले. आणि मग ते सांगायला लागले, आपण इथं कशाला जमलो. त्यांनी 'बाजा खाली ठेवा!' या पत्रकाची गोष्ट सांगितली. ते मी लिहिलं, म्हणाले. त्यात मी चुकलो नव्हतो, पण एका माणसाबाबत चुकलो. हा माणूस मला म्हणाला होता, हे बाजा नाही, हे उभं राहणं आहे. मला ते कळलं नाही. मी भाषणं देत होतो आणि हा माणूस रुळांच्या कडेला एकटा उभा राहून इंजिनाशी बोलत होता, कारण आपल्या माणसांनी त्याच्यासमोर बसायचं नाकारलं होतं. या समाजानं याला गप्प केलं. मी गप्प केलं. आज मी भर सभेत याची माफी मागतो.

इतकं खरं भाषण मी कधीच ऐकलं नव्हतं. एक शब्द पाठ केलेला नव्हता. बाबा रडत होते. बायका पदर डोळ्याला लावत होत्या. ते थांबत नव्हते, आणि थांबू नयेत असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. हात दुखेपर्यंत. मामांच्या खिशातल्या हाताकडं माझं लक्ष त्या सगळ्या वेळात एकदाही गेलं नाही.

बाबांनी भाषण संपवून मामांना मिठी मारली. हार चुरगळले. लोक भारावून गेले होते. मामांनी उठायला खुर्चीच्या सिंहाच्या हातावर हात टेकला. तेवढ्यात सचिव आभार मानायला धावले, कारण आभार मानण्यासाठी त्यांचंही नाव पत्रकावर होतं. त्यांनी मंडपवाल्यापासून सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी म्हणाले, "सर्वांनी भोजनदानाचा लाभ घ्यावा. सत्कारमूर्तींचं वादन जेवणानंतर होईल."

सगळं मैदान एकदम उठलं.

मामा अर्धवट उठले होते. ते तसेच परत खाली बसले.

लोक जेवले. ज्यांना लांब जायचं होतं त्यांचे ट्रॅक्टर सुरू झाले. पोरं झोपली म्हणून बायका निघाल्या. जाता जाता प्रत्येकजण मंचावर येऊन मामांच्या पाया पडून जात होता. 'फार छान कार्यक्रम झाला, मास्तर.' मामा प्रत्येकाला हात जोडत होते, एकाच हातानं. मंडपवाल्याची माणसं ताडपत्र्या गुंडाळायला लागली. बाबा प्रसन्न होते. एवढं ओझं उतरलं होतं त्यांचं. त्यांनी मामांना विचारलं, "मास्तर, थोडं वाजवता का? आहेत अजून काही लोक."

मामांनी मैदानाकडं पाहिलं. जे होते ते उभे होते.

"राहू द्या, गुरुजी," ते म्हणाले. "तुमी चांगलं बोलले. मले आवडलं." ते खोटं बोलत नव्हते. राजय्यानं ड्रमला खोळ घातली आणि निघून गेला.

माझ्या आयुष्यात मी अपमान पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यांच्याविरुद्ध लिहिलं आहे. ते दुसऱ्यांनी केलेले होते. हा आम्ही केला, मनापासून, हार घालून, डोळ्यांत पाणी आणून. याच्याविरुद्ध कुठलं पत्रक काढायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी मामा दारात आले. गाल सुजून डोळ्याला टेकला होता. "चाल पोरी, मंचेरियलले," म्हणाले. खांद्यावर कापडी पिशवी होती. मी म्हटलं, मामा, ट्रम्पेट कशाला? ते म्हणाले, "ज्याच्यासाटी दात सांभाळला, त्याले न सांगता काढाचा?"

मी बसमध्ये त्यांची क्षमा मागायचा प्रयत्न केला. लांबलचक वाक्य सुरू केलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "रातच्यानं लय आयकलो, बाई," ते म्हणाले. "आता गप बस."

डॉक्टरकडं गर्दी होती. भिंतीला लागून बाकं, बाकांवर गाल धरून बसलेली माणसं. खाणीतला एक कामगार, टोपीचा पट्टा अजून हनुवटीखाली. एक तेलुगू म्हातारी, तोंडात पदर कोंबलेला. किराणा दुकानदारासारखा दिसणारा एक जाडा गृहस्थ. एक तरुण बाई आणि रडून दमलेलं तिचं लेकरू. एक जागा मोकळी होती. म्हातारीनं पदर काढून ती थोपटली. "कूर्चो अय्या," म्हणाली. बसा.

"पर्वालेदु अम्मा," मामा म्हणाले. असू द्या. त्यांनी टोपी काढली आणि त्या जागेवर ठेवली.

मला कळलं. मी पटकन खाली फरशीवर बसले.

मामांनी पिशवीतून ट्रम्पेट काढलं, खिशातून माऊथपीस. कंपाउंडर आतून धावत आला. "ए, बँड! बाहर, बाहर!" त्याच्यामागं हातमोजे घातलेला डॉक्टर आला. मामा त्याला मोडक्या हिंदीत म्हणाले, "डॉक्टरसाब, आपको जो निकालना है, वो इसका है. एक गाना. फिर निकालो." डॉक्टरनं त्यांच्या सुजलेल्या ओठाकडं पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, तो बाजूच्या स्टुलावर बसला.

"क्या फंक्शन है?" खाणकामगारानं विचारलं.

"फ्री फंक्शन," मामा म्हणाले.

त्यांनी वरातीची धून धरली. नवरदेव निघताना वाजते ती, जी आमच्याकडं तेलुगू-मराठी सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानदार हसला, बोट हलवायला लागला. मग ती धून वळली. घराकडं निघालेली वरात दुसऱ्याच गल्लीत शिरली. नवरदेव मागं राहिला, घोडा सुटला. दर वेळी वाटायचं, आता दार आलं, आता संपलं, आणि दाराच्या पुढ्यातून ती पुन्हा निघायची, अंगणातून, गोठ्यावरून, रुळांच्या कडेनं. एका ठिकाणी सूर फाटला. मामांच्या ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताचा बारीक ओघळ आला. त्यांनी तो फाटलेला सूर टाकून दिला नाही. तोच पुन्हा घेतला, मुद्दाम, जरा वळवून, दुसरी शिट्टी देणाऱ्या त्या ड्रायव्हरसारखा. शेवटी धून घरात गेली. दाराशी थांबली नाही. आत गेली, आणि तिथं बसली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांचे हात गालावर होते. म्हातारी तेवढी म्हणाली, "इंकोकटि, अय्या." आणखी एक.

मामांनी नाही म्हणून मान हलवली आणि तोंड पुसलं. मी त्या माणसांकडं पाहत होते. त्यांच्यातल्या एकालाही मामांचं नाव ठाऊक नव्हतं. कुणावर अन्याय झाला, कुणी माफी मागितली, काही ठाऊक नव्हतं. ते फक्त बसले होते. एवढंच आम्हाला जमलं नव्हतं.

मामांनी माऊथपीस काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या मुठीत दिला. गरम होता. मग टोपी उचलली आणि डॉक्टरच्या मागं आत गेले.

बाहेर आले तेव्हा तोंडात कापूस होता. मी मूठ पुढं केली. त्यांनी माझी बोटं परत मिटवली. पुढं कित्येक दिवसांनी, बोलणं नीट व्हायला लागल्यावर, मी तो परत करायला गेले, तर म्हणाले, "ठेव तुह्यापासी. मले आता बसाले हरकत नाई. तुले उटून बोला लागते."

ते गेले तेव्हा शोकसभा झाली. पत्रक निघालं. नावं पुष्कळ होती, माझंही होतं.

तो माऊथपीस अजून माझ्याकडं आहे. सभेत माझं नाव पुकारलं की मी उजवा हात खिशात घालते. पितळ आधी थंडगार लागतं. मुठीत गरम व्हायला त्याला थोडा वेळ लागतो. ते गरम व्हायच्या आत मी बोलणं संपवते, आणि खाली बसते.